कुणाला किती दिसतं: ऑनलाइन टेबलटॉप खेळासाठी मॅप आणि प्रकाशयोजना

टेबलाभोवती बसून डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, प्रत्येकाने एकेक पात्र होऊन खेळायचा कथेचा खेळ) खेळताना मॅप एकच असतो आणि तो सगळ्यांना सारखाच दिसतो. मशाल कुणाच्याही हातात असो, कोपऱ्यापलीकडचा राक्षस पाचही जणांना एकाच क्षणी दिसतो. मग ‘माझ्या पात्राला हे माहीत नाही’ असं ठरवून खेळावं लागतं. ऑनलाइन खेळात प्रत्येकाच्या स्क्रीनवर त्याच्या पात्राला दिसतं तेवढंच उमटवता येतं. पुढे गेलेल्या टेहळ्याला दार दिसतं, मागच्या योद्ध्याला नुसता काळोख. म्हणजे टेहळ्याला तोंड उघडून सांगावंच लागतं: ‘दार आहे, अर्धं उघडं आहे, आत कुणीतरी हललं.’ माझ्या मते ऑनलाइन मॅपचं खरं बळ या सांगण्यात आहे. मॅप कितीही देखणा असला आणि सगळ्यांना सगळं दाखवत असला, तर ते बळ वाया जातं. म्हणून चित्र काढताना, भिंती आखताना, दिवे ठेवताना एकच प्रश्न समोर ठेवा: इथे उभ्या असलेल्या माणसाला काय दिसतं आणि काय दिसत नाही?

उदाहरणासाठी मी देवगिरीची, म्हणजे दौलताबादची अंधेरी घेतो. यादवांच्या या राजधानीवर १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी चालून आला, तेव्हापासून हा किल्ला अनेकांच्या हातांतून गेला. किल्ल्याच्या डोंगराचा खालचा भाग तासून उभा कडा केलेला आहे, भोवती खंदक आहे, खंदक ओलांडायला एक अरुंद वाट आहे आणि पुढे बालेकिल्ल्याकडे जायचं तर खडकात कोरलेल्या काळ्याकुट्ट, वळणावळणाच्या भुयारातून चढावं लागतं. तीच अंधेरी. भुयाराच्या वरच्या तोंडाशी लोखंडी जाळी असे आणि युद्धाच्या वेळी तिच्यावर मोठी आगटी पेटवायची सोय होती. वाटेत खंदकावर उघडणारी तोंडं दाखवून गाइड सांगतात की शत्रू उजेड बघून तिकडे वळायचा आणि खाली कोसळायचा. उजेड आणि अंधार हेच इथलं शस्त्र आहे. प्रकाशयोजना शिकायला यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही.

आधी ठरवा: मॅप लागतोच का?

जिथे कोण कुठे उभा आहे यावर काहीतरी अवलंबून आहे, तिथेच ग्रिडचा, म्हणजे चौकोनांत आखलेला मॅप करा. सराईतल्या गप्पा, दरबारातली बोलणी, तीन दिवसांचा प्रवास यांना एखादं चित्र आणि तुमचा आवाज पुरतो. ग्रिड समोर आला की खेळाडू चौकोन मोजू लागतात आणि बोलणं थांबतं. चार तासांच्या सत्राला एक नीट तयार केलेला मॅप पुरेसा होतो. फार तर दोन.

साधन कोणतं घ्यावं

पहिल्यांदाच चालवत असाल तर आउलबेअर रोडिओ घ्या. ते ब्राउझरमध्ये उघडतं, फोनवरही चालतं आणि हाताने धुकं (मॅपचा न पाहिलेला भाग लपवणारा थर) झाकत-उघडत खेळ पुढे नेता येतो. रोल२० २०१२ पासून आहे आणि तयार साहस विकत घेऊन चालवणाऱ्यांना ते सोयीचं पडतं. मी पुढचं सगळं फाउंड्री व्हीटीटी (व्हीटीटी म्हणजे व्हर्च्युअल टेबलटॉप, ऑनलाइन टेबल) धरून लिहितो आहे, कारण भिंती आणि दिव्यांवर त्यात सगळ्यांत बारीक ताबा मिळतो. २०२० मध्ये आलेल्या या साधनाचा परवाना एकदाच आणि फक्त खेळ चालवणाऱ्याने घ्यायचा असतो. खेळाडू ब्राउझरमधून येतात.

फाउंड्रीच्या दोन अडचणी आधीच माहीत असलेल्या बऱ्या. एक, त्याला किमान १३६६ × ७६८ पिक्सेलची खिडकी लागते, त्यामुळे फोनवर खेळणारा गडी असेल तर त्याच्यासाठी लॅपटॉपची सोय बघा किंवा आउलबेअरवरच राहा. दोन, फाउंड्री तुमच्याच संगणकावर चालवायचं तर बाहेरून येणाऱ्यांसाठी राउटरवर ३०००० क्रमांकाचा पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडावा लागतो. आपल्याकडच्या अनेक ब्रॉडबँड कंपन्या एकच सार्वजनिक आयपी पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटतात, आणि मग पोर्ट उघडूनही उपयोग होत नाही. तसं असेल तर त्यावर रात्र घालवू नका. भाड्याचा सर्व्हर घ्या आणि तो मुंबईतल्या डेटा सेंटरमधला असेल असं बघा. गटातले निम्मे लोक पुण्यात आणि निम्मे न्यू जर्सीत असतील तर दोन्ही टोकांहून एकदा जोडून बघा आणि मगच ठिकाण ठरवा.

कागदावर, मशालीच्या मापाने

संगणक उघडण्याआधी चौकटीचा कागद घ्या. एक चौकोन म्हणजे ५ फूट. आता डी अँड डीच्या नियमांतले प्रकाशाचे आकडे शेजारी लिहून ठेवा, कारण मॅपची मापं याच आकड्यांवरून ठरवायची आहेत. मशाल २० फुटांपर्यंत लख्ख उजेड देते आणि त्यापुढे आणखी २० फूट मंद. म्हणजे मशालीची एकूण पोच ४० फूट, ८ चौकोन. मेणबत्तीचा ५ फूट लख्ख, पुढे ५ फूट मंद. साध्या दिव्याचा १५ आणि पुढे ३०. झाकणाच्या कंदिलाचा ३० आणि पुढे ३०.

यावरून जागा आखा. भुयाराचा एखादा सरळ तुकडा ५० ते ६० फुटांचा ठेवला की मशालवाल्याला त्याचं टोक दिसत नाही आणि त्याला पुढे जायचं की नाही हे ठरवावं लागतं. दुसरा तुकडा २० फुटांवर वळवला की उजेड भिंतीवर आदळतो आणि वळणापलीकडची भीती जिवंत राहते. दोन्ही आलटून पालटून वापरा. मोठं दालन ८० फुटांहून रुंद ठेवा. अशा दालनाच्या मधोमध मशाल घेऊन उभं राहिलं तरी भिंती दिसत नाहीत, आणि आपण केवढ्या जागेत आलो आहोत हेच कळेनासं होतं. ३० फुटांची खोली मात्र एका मशालीत पुरती उजळते. तिथे अंधाराचा खेळ करायला जाऊ नका, तिथे सरळ लढाई लावा.

अंधेरीसाठी मी ४० × २४ चौकोनांचा कागद धरतो. डाव्या खालच्या कोपऱ्यात खंदकावरची वाट, दोन माणसं शेजारी-शेजारी कशीबशी मावतील इतकी. मग दार, मग तीन वळणांचं भुयार, मधे एक फाटा, त्यातलं एक तोंड खंदकावर उघडणारं, आणि शेवटी पायऱ्या चढून जाळीचं तोंड. ही किल्ल्याची मोजणी नव्हे. खेळाला लागेल तेवढीच रचना उचलायची आहे. चढण वरून दिसणाऱ्या मॅपवर कळत नाही, म्हणून पायऱ्यांपाशी उंचीचा आकडा चित्रातच लिहा.

चित्र तयार करणं

डंजन स्क्रॉल ब्राउझरमध्ये फुकट चालतं आणि काळ्या-पांढऱ्या रेघांचे मॅप झटपट काढून देतं. डंजनड्राफ्ट विकत घ्यावं लागतं, पण त्याचा एक फायदा मोठा आहे: ते युनिव्हर्सल व्हीटीटी प्रकारची फाइल देतं. तिच्यात चित्राबरोबर भिंती, दारं आणि दिवेही येतात आणि एका मॉड्यूलच्या, म्हणजे जोड-प्रोग्रामच्या मदतीने ते फाउंड्रीत जसेच्या तसे उतरतात. गुहा आणि वाडे वारंवार लागत असतील तर पैसे वसूल होतात.

एका चौकोनाला १०० पिक्सेल पुरतात. आपला मॅप ४००० × २४०० पिक्सेलचा झाला. फाइल वेबपी प्रकारात साठवा, ती जेपीजीपेक्षाही लहान होते. पण एक गोष्ट बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. फाइल लहान केली म्हणून खेळाडूच्या ग्राफिक्स मेमरीवरचा भार कमी होत नाही. तिथे चित्र उलगडून बसतं, पिक्सेलमागे ४ बाइट. आपला मॅप सुमारे ३८ एमबी घेतो. ८००० × ८००० चा मॅप २५६ एमबी घेतो, मग फाइल डिस्कवर केवढीही दिसो. जुन्या लॅपटॉपवर खेळ अडखळतो तो बहुतेक वेळा यामुळे. काही जुनी उपकरणं ४०९६ पिक्सेलपेक्षा मोठं चित्र नीट दाखवतच नाहीत. त्यामुळे लांब बाजू त्या आत ठेवणं उत्तम.

चित्रात ग्रिडच्या रेघा छापू नका, त्या साधनालाच काढू द्या. दुसऱ्याने काढलेल्या मॅपवर रेघा असतीलच तर चित्राची रुंदी भागिले चौकोनांची संख्या हा हिशोब करून तोच आकडा ग्रिडला द्या. आणि फाइलच्या नावात चौकोनांचा आकडा लिहा: ‘अंधेरी ४०×२४’. सहा महिन्यांनी स्वतःला दुवा द्याल.

आणखी एक. प्रकाश चित्रातच रंगवलेला असेल, म्हणजे मशालीचा पिवळा गोल आणि कोपऱ्यातली सावली आधीच काढलेली असेल, तर तो मॅप प्रकाशयोजनेसाठी घेऊ नका. विझलेल्या मशालीखाली पिवळा गोल तसाच राहतो. सपाट, एकसारख्या उजेडातलं चित्र घ्या. उजेड आपण देणार आहोत.

भिंती

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. फाउंड्रीत भिंतीचं साधन निवडून कंट्रोलची कळ दाबून ठेवली की एकाला एक जोडलेल्या भिंती निघत जातात. शिफ्ट दाबली की ग्रिडला न चिकटता हवी तिथे टोक ठेवता येतं. टोकं जोडलेलीच हवीत. केसाएवढी फट राहिली तरी तिच्यातून उजेडाची तिरीप पलीकडच्या खोलीत पडते आणि गुप्त दालन उघडं पडतं.

भिंतीची रेघ चित्रातल्या भिंतीच्या अगदी कडेवर काढू नका, थोडी आत, दगडाच्या जाडीत काढा. म्हणजे खेळाडूला दगडाचा दर्शनी भाग दिसतो आणि आपण भुयारात आहोत असं वाटतं. कडेवरच काढली तर काळ्या पट्ट्यांमधून चालल्यासारखं दिसतं. गुहेचा प्रत्येक खाचखळगा मात्र गिरवत बसू नका. प्रत्येक तुकड्याचा हिशोब टोकन, म्हणजे मॅपवरची पात्राची सोंगटी, हललं की पुन्हा होतो. सहा तुकड्यांत बसणाऱ्या वळणाला वीस तुकडे लावू नयेत.

भिंतींचे प्रकार समजून वापरले की निम्मी प्रकाशयोजना तिथेच होते. साधी भिंत दृष्टी, उजेड आणि चाल तिन्ही अडवते. अदृश्य भिंत चाल अडवते, नजर अडवत नाही. खंदकाच्या कठड्यासाठी ती घ्या. इथिरिअल भिंत उलट आहे: नजर अडते, माणूस जाऊ शकतो. पडदा, धबधबा, दाट वेली यांसाठी. टेरेन भिंतीतून पहिली रेघ पार दिसते, दुसरी अडवते. त्यामुळे खांबाभोवती ती लावली की खांब स्वतः दिसतो आणि त्याच्यामागे लपलेला माणूस दिसत नाही. खिडकीच्या भिंतीला अंतर देता येतं. जवळ जाऊन डोकावलं तरच बाहेरचं दिसतं. भिंतीला एकाच दिशेने अडवायलाही सांगता येतं. कड्याच्या वरून पहारेकऱ्याला खालची वाट दिसावी आणि खालून वरचा पहारेकरी दिसू नये, हे एका रेघेत जमतं. दारावर उजवं क्लिक केलं की ते कुलूपबंद होतं. गुप्त दाराचं चिन्ह खेळाडूंना दिसत नाही.

दिवे

फाउंड्रीत दिव्याला दोन त्रिज्या द्याव्या लागतात आणि मंद उजेडाची त्रिज्या मध्यापासून मोजली जाते, लख्ख उजेडाच्या पुढे नाही. म्हणून मशालीला २० आणि ४० लिहा, २० आणि २० नव्हे. कंदिलाला ३० आणि ६०, साध्या दिव्याला १५ आणि ४५, मेणबत्तीला ५ आणि १०. झोताचा कंदील नियमांप्रमाणे ६० फूट लख्ख आणि पुढे ६० फूट मंद असा शंकूच्या आकारात उजेड टाकतो. त्याला ६० आणि १२० द्या आणि कोन ५३ अंश ठेवा. नियमांतला शंकू जितका लांब तितकाच टोकाला रुंद असतो आणि ते माप याच कोनात बसतं.

दृश्याचा (फाउंड्रीत मांडलेल्या मॅपला दृश्य म्हणतात) अंधार ० ते १ असा मोजला जातो. अंधेरीला १. चांदण्या रात्रीच्या खंदकाला थोडा कमी. दिवसाच्या मोकळ्या मैदानाला ग्लोबल इल्युमिनेशन (सगळीकडे सारखा उजेड) चालू करा आणि दिवे ठेवूच नका.

रंगाचा हात आखडता ठेवा. मशालीला फिकट नारिंगी, तीव्रता कमी. गडद रंग दिला की खालचं चित्र झाकलं जातं. मॅपवर एखादाच दिवा वेगळ्या रंगाचा असू द्या, आणि तो महत्त्वाचा असू द्या. सगळीकडे निळा-जांभळा उजेड असेल तर कशाकडेच लक्ष जात नाही. लाल आणि हिरव्या उजेडाच्या फरकावर कोडं बेतू नका. हा फरक न दिसणारा खेळाडू तुमच्या गटात असू शकतो. लवलवत्या ज्योतीचा ॲनिमेशन दोन-तीन दिव्यांनाच पुरे, कारण जुन्या यंत्रांना तो जड जातो.

उजेड दोन्ही बाजूंनी काम करतो, हे खेळाडूंना पहिल्या तासातच अनुभवू द्या. मशालवाल्याला ४० फूट दिसतं. पण दूरच्या काळोखात उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला, मधे भिंत नसेल तर, तो मशालवाला केवढ्याही अंतरावरून दिसतो. फाउंड्रीही हे बरोबर दाखवतं. भुयारात मशाल पेटवायची की एकमेकांचा खांदा धरून अंधारात चालायचं, हा प्रश्न मग खरा होतो.

टोकन आणि अंधारातली नजर

प्रत्येक पात्राच्या मूळ टोकनवरच व्हिजन चालू करा, म्हणजे पुढच्या सगळ्या दृश्यांत ते आपोआप येतं. माणसाची दृष्टीची मर्यादा ० ठेवा. त्याला फक्त उजेडातलं दिसेल. डार्कव्हिजन, म्हणजे अंधारात बघायची क्षमता, असलेल्याला ६० फूट द्या. खेळाडूला त्याच्या पात्राची मालकी द्यायला विसरू नका. ‘मला सगळं काळं दिसतंय’ या तक्रारीचं पहिलं कारण हेच असतं.

डार्कव्हिजनमुळे अंधार बिनकामाचा होतो, असं अनेक जण म्हणतात. नियम नीट वाचला तर तसं होत नाही. डार्कव्हिजनवाल्याला अंधार हा मंद उजेडासारखा दिसतो, आणि मंद उजेडात नजरेवर अवलंबून असलेल्या परसेप्शनच्या (काही ध्यानात आलं का, हे ठरवणाऱ्या) फाशावर डिसॲडव्हांटेज असतो, म्हणजे दोन फासे टाकून लहान आकडा घ्यावा लागतो. पॅसिव्ह परसेप्शन, म्हणजे फासा न टाकता धरायचा आकडा, ५ ने घटतं. शिवाय त्याला रंग दिसत नाहीत, नुसत्या करड्या छटा. मशालीशिवाय चालणाऱ्या एल्फला जमिनीवर काहीतरी सांडलेलं दिसेल, पण ते रक्त आहे की पाणी हे कळणार नाही. हा नियम पाळा. मशालीची किंमत लगेच परत येते. आणि मशाल एक तासच जळते, हेही मोजत राहा.

दृष्टी प्रत्येकाची वेगळी ठेवायची की सगळ्या गटाची एकत्र? एकत्र ठेवली की खेळ वेगाने जातो, हे खरं. तरीही मी वेगळीच ठेवतो. सुरुवातीच्या अर्ध्या तासात थोडी चिडचिड होते आणि मग खेळाडू एकमेकांना सांगायला लागतात. नवख्या गटाला पहिल्या सत्रापुरती एकत्र द्या.

फसवं तोंड आणि आगटी

आता अंधेरीचा फाटा. डावीकडे पायऱ्या वर जातात, पूर्ण काळोखात. उजवीकडे भुयार खंदकावर उघडतं. त्या तोंडावर कोणतीही भिंत काढू नका आणि तोंडाबाहेर थंड, फिकट उजेडाचा एक दिवा ठेवा. फाउंड्रीत उजळलेली जागा लांबून दिसते, त्यामुळे फाट्यावर आलेल्या प्रत्येकाला उजवीकडे बाहेर पडायची वाट दिसेल.

असा सापळा न्याय्य करायचा तर खुणा द्याव्या लागतात, आणि त्या मॅपवर न देता आवाजातून द्या. उजवीकडून गार वारा येतो आहे. वटवाघळं त्याच बाजूने बाहेर जातात, पण पावलांच्या खुणा डावीकडे आहेत. पायाखालचा खडक बाहेरच्या बाजूला उतरता आहे. ज्याने ऐकलं तो वाचतो. न ऐकता धावणाऱ्याला शेवटच्या क्षणी सावरायला एक फासा द्या आणि हुकला तर दर १० फुटांमागे १ डी ६ (सहा बाजूंच्या एका फाशाइतकी इजा) हा पडण्याचा नियम लावा.

वरच्या जाळीपाशी दोन दिवे आधीच ठेवून बंद करा. एक आगटीचा, लालसर, ३० आणि ६० चा. दुसरा अंधाराचा स्रोत. फाउंड्रीत दिव्याला उजेडाऐवजी अंधार पसरवायला लावता येतं, आणि त्या अंधारात मशालीचा उजेड शिरत नाही. हा आपला धूर. वरच्या शिबंदीने आग पेटवली की दोन्ही दिव्यांवर उजवं क्लिक करा, ते चालू होतील. पुढच्या फेरीत धुराची त्रिज्या वाढवा, त्याच्या पुढच्या फेरीत आणखी. एक-एक करून खेळाडूंच्या स्क्रीन काळ्या होत जातात आणि कोण कुठे आहे हे फक्त हाकांवरून कळतं.

तपासणी आणि खेळाची रात्र

दुसऱ्या ब्राउझरमध्ये खेळाडू म्हणून आत या आणि टोकन हातात घेऊन पूर्ण मॅप चाला. गेम मास्टरच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या खात्यावरून फटी दिसत नाहीत, खेळाडूच्या नजरेने लगेच दिसतात. मग प्रकाशाच्या साधनांतलं धुकं पुसायचं बटण दाबा, नाहीतर तुम्ही चाललेली वाट खेळाडूला आधीच उघडलेली दिसेल. सगळ्यांत जुना लॅपटॉप ज्याचा आहे त्याला दहा मिनिटं आधी बोलवा. काही स्क्रीनवर मंद उजेड आणि पूर्ण अंधार सारखेच काळे दिसतात. तसं असेल तर त्याला ब्राइटनेस वाढवायला सांगा आणि दृश्याचा अंधार किंचित उतरवा. दृश्य आधीच सगळ्यांकडे उतरवून ठेवायची सोय दृश्याच्या नावावर उजवं क्लिक केलं की मिळते. कुणी मोबाइल डेटावर असेल तर ती जरूर वापरा.

खेळ सुरू झाल्यावर आधी बोला, मग मॅप दाखवा. ओलसर दगडाचा वास, वटवाघळांची फडफड, दूरचं पाणी, हे ऐकवून झालं की मगच दृश्य उघडा. चित्र समोर आलं की कान बंद होतात. स्पेसबार दाबला की खेळ थांबतो आणि खेळाडूंना टोकन हलवता येत नाहीत. वर्णन चालू असताना तो थांबवलेलाच ठेवा. लढाई नसतानाही एक शिस्त आधीच सांगा: टोकन पुढे नेऊन ‘जरा बघून येतो’ चालणार नाही. जिथे टोकन गेलं तिथे पात्र गेलं, आणि त्याला जे दिसलं ते इतरांना सांगायची जबाबदारीही त्याचीच.

सत्र संपल्यावर दृश्याची प्रत काढून ठेवा, धुकं पुसलेली आणि आगटी विझवलेली. परतीच्या वाटेवर गट याच भुयारातून उतरणार असेल तेव्हा मूळ दृश्यच वापरा. मागच्या वेळी ज्याने जेवढं पाहिलं तेवढंच त्याच्या स्क्रीनवर धूसर उरलेलं असतं, आणि खंदकाकडचा फाटा कुठे होता हे ज्याला आठवतं त्याला पुढे चालावं लागतं.